आईला लघवीची नळी आहे, वॉर्डात इन्फेक्शन होऊ नये म्हणून आपण काय बघायचं?

सांगलीची_लेक: आईचं खुब्याचं ऑपरेशन परवा झालं, वय ७२, शुगर आहे. लघवीची नळी अजून आहे आणि हाताला इंट्राकॅथ (सलाईनची सुई). काल वॉर्डबॉय मामा आले आणि तेच ग्लोव्हज घालून ओळीतल्या तिन्ही पेशंटच्या लघवीच्या पिशव्या एकाच मगात रिकाम्या करत गेले. मी नुसती बघत बसले, रात्रभर डोक्यात तेच. शेजारच्या आजींना कालपासून थंडी-ताप आहे, लघवीचं इन्फेक्शन म्हणतायत. मी बोलले तर आईवर राग काढतील का हो?

रात्रपाळी: ताई, बोलाच. मी सिस्टर आहे, १२ वर्षं वॉर्डात. ग्लोव्हज पेशंटगणिक बदलायचे आणि काढल्यावर हातही धुवायचे, नाहीतर एकाचे जंतू दुसऱ्याच्या पिशवीच्या तोटीला लागतात. मगही प्रत्येकाचा वेगळा, तोटी मगाला टेकू द्यायची नाही. पिशवी कायम कमरेच्या खाली पण फरशीवर नको. एक्स-रेला नेताना स्ट्रेचरवर पेशंटच्या पोटावरच ठेवून देतात ना, त्याने लघवी उलटी आत जाते, तेव्हा तुम्ही जवळ राहा. आणि रोज राउंडला विचारा, "डॉक्टर, नळी अजून लागणार आहे का?" नळी आहे तोवर लघवीत जंतू शिरायचा धोका दिवसाला ३ ते ७ टक्के. कितीतरी नळ्या नुसत्या कुणी आठवण केली नाही म्हणून राहतात. स्वतः मात्र हात लावू नका.

अभय_ना: इंट्राकॅथकडे पण बघा प्लीज. बाबा दोन दिवस हात दुखतो म्हणत होते, आम्ही म्हटलं सुई आहे तर दुखणारच. पट्टीखाली लालभडक झालेलं, मग ताप, ब्लड कल्चर (रक्तात जंतू आहेत का ही तपासणी), आठवडाभर मुक्काम वाढला. सलाईन संपून दोन दिवस झालेले, कुणी काढलीच नव्हती. अजून वाईट वाटतं.

डॉ_मिरज: तुमची भीती खरी आहे. डब्ल्यूएचओच्या २०२२ च्या रिपोर्टप्रमाणे आपल्यासारख्या देशांत भरती झालेल्या १०० पैकी १५ जणांना हॉस्पिटलमध्येच लागलेलं एखादं इन्फेक्शन होतं, श्रीमंत देशांत ७. भेटायला येणाऱ्यांनाही आधी हात चोळायला लावा, २०-३० सेकंद, आणि पलंगावर बसू देऊ नका. वॉर्डात कुणाला जुलाब असतील तर साबण-पाणीच, काही जंतू सॅनिटायझरने मरत नाहीत.

सांगलीची_लेक: सकाळी राउंडला विचारलं, डॉक्टर म्हणाले उद्या फिजिओने उभं केलं की काढू. सिस्टरना मगाचं सांगितलं तर अजिबात चिडल्या नाहीत, मामांना बोलावून तिघांचे वेगळे मग आणवले आणि वर बेड नंबर लिहिला. आजींच्या लेकीला पण हा धागा दाखवला. आई विचारतेय सारखी वाकून पिशवी काय बघतेस.