प्रतिसाद : मराठवाड्याचं उदाहरण

बाहेरच्या फौजेनं पीडितांचं कधीच भलं होत नाही, हे मत सरसकट पटत नाही. मी धाराशिवचा. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ च्या ‘पोलिस ॲक्शन’ला, म्हणजे हैदराबाद संस्थानात भारतीय फौज शिरली त्या कारवाईला, निजाम परकं आक्रमणच म्हणत होता, प्रकरण सुरक्षा परिषदेतही नेलं होतं. रझाकारांनी, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र टोळ्यांनी, पोळलेल्या गावांना मात्र ती सुटका होती. त्याआधी दहा वर्षं निजामाविरुद्धच्या लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांची माणसं तुरुंगात जात होती, लढा इथलाच होता. याउलट २०११ मध्ये लिबियात नाटोची विमानं आली, गद्दाफी गेला, पण मागं सावरणारं कुणी नव्हतं.

पण आमच्याच जिल्ह्यात पोलिस ॲक्शननंतर निरपराध मुसलमानांची कत्तल झाली, हेही लिहायलाच हवं. भारत सरकारनंच चौकशीला पाठवलेल्या सुंदरलाल समितीचा संस्थानभरातल्या मृतांचा अंदाज २७ ते ४० हजारांचा होता. सतरा सप्टेंबरच्या, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या, भाषणांत हा आकडा मी अजून ऐकलेला नाही.