मदत हवी आहे: जाग्या बाळाच्या मेंदूची नोंद घ्यायचीय, ईईजी की एफनिर्स?

नमस्कार मंडळी, मी नाशिकला सायकॉलॉजीत एमए करतेय. प्रोजेक्टसाठी मला बघायचंय की ६ ते १० महिन्यांच्या बाळाला 'ता' ऐकवता ऐकवता मधेच 'टा' ऐकवलं तर त्याच्या मेंदूत काय होतं. १९८४ मध्ये कॅनडात जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीज यांनी दाखवलं होतं की इंग्रजी घरातल्या ६-८ महिन्यांच्या बाळांना हिंदीतले असे आवाज वेगळे कळतात आणि वर्षाची होईतो ते बरंचसं जातं, पण ते त्यांनी ठरवलं बाळ मान वळवतं का यावरून. मला मराठी घरातली बाळं हवीत, जागी, आईच्या मांडीवर.

एफएमआरआय (मोठ्या चुंबकाच्या मशीनमध्ये झोपवून मेंदूतल्या रक्तातला बदल बघणं) सोडूनच दिलं. मशीनचा आवाज १०० डेसिबलच्या वर जातो आणि बाळाने जरा मान हलवली की डेटा गेला, म्हणून बहुतेक लोक झोपलेली बाळंच घेतात. (जाग्या बाळांवर केलंय लोकांनी, फ्रान्समध्ये २००२ ला दोन-तीन महिन्यांच्या बाळांना बोलणं ऐकवलं होतं, त्यातली काही जागी होती.)

राहिले दोन. ईईजीत डोक्यावर इलेक्ट्रोड लावून मेंदूतले विजेचे बदल टिपतात, मिलिसेकंदांचा हिशोब मिळतो पण बाळाने दूध चोखलं, डोळे मिचकावले की सिग्नलमध्ये कचरा. एफनिर्समध्ये डोक्यावरून इन्फ्रारेड प्रकाश आत सोडून रक्तातला ऑक्सिजन मोजतात, बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरसारखंच, हलणं जास्त चालतं, गांबियातल्या खेड्यातसुद्धा बाळांवर वापरलंय. पण प्रकाश एखाद-दोन सेंटिमीटरच आत जातो आणि रक्ताचा बदल दिसायला काही सेकंद लागतात.

आणि आपल्याकडची खरी अडचण केसांची! दाट काळे केस प्रकाश शोषतात, आणि इकडे पंचवटीत काय सिडकोत काय, आजी रोज टाळूवर तेल घालणारच, त्यावर ईईजीचे इलेक्ट्रोड नीट कॉन्टॅक्ट देतील का? जावळ काढल्यावर लगेच बोलावलं तर? कोणी बाळांवर काम केलं असेल तर प्लीज सांगा, एथिक्स कमिटीकडे जायच्या आत मला पद्धत ठरवायचीय.

प्रतिसाद:
ताई, तुमचा प्रश्न एकेका आवाजाचा आहे तेव्हा ईईजीच घ्या, एफनिर्समध्ये एकटा 'टा' सुटा दिसणार नाही, 'ता-ता' चे आणि 'ता-टा' चे वेगवेगळे ब्लॉक (काही सेकंद सलग ऐकवायचे तुकडे) करावे लागतील. मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या स्पंजची टोपी मिळते ती बघा, पटकन बसते. तेलासाठी आदल्या रात्री बेबी शाम्पू आणि सकाळी तेल नाही, हे आईबरोबर आजीलाही फोनवर सांगा. जावळाची तारीख घरच्यांची, त्यात आपण पडू नये. वेळ झोप आणि दूध झाल्यावरची ठेवा, समोर आवाज न करता कोणीतरी साबणाचे फुगे उडवा, आणि आईला हेडफोनवर गाणी लावून द्या, नाहीतर 'टा' आलं की तिची मांडी नकळत हलते.