एफ-ड्रॉइड बंद पडणार का?

सिंहगडवारी (धायरी): आमच्या ट्रेकच्या ग्रुपमध्ये सगळ्यांच्या फोनवर मी ऑरगॅनिक मॅप्स टाकून देतो, तेही एफ-ड्रॉइडवरून, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरच्या मोफत, खुल्या सोर्स कोडच्या अ‍ॅपच्या भांडारातून. नकाशा आधीच उतरवलेला असतो, त्यामुळे रेंज गेली तरी वाट दिसते, आणि कुठे फिरलो याचा माग कुणी ठेवत नाही. आता गूगल म्हणे प्ले स्टोअरबाहेरच्या अ‍ॅपच्या डेव्हलपरलाही ओळख पटवून अ‍ॅप आपल्या नावावर नोंदवायला लावणार. मग आमचं काय?

पेठकर: घोषणा ऑगस्ट २०२५ ची आहे. सप्टेंबर २०२६ पासून ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंडमध्ये, इतरत्र २०२७ पासून. ओळख न पटवलेली अ‍ॅपही टाकता यावीत म्हणून जाणकारांसाठी वेगळी वाट ठेवू, असं गूगलने नंतर सांगितलं. पण खरी मेख पुढेच आहे. एफ-ड्रॉइड बरीचशी अ‍ॅप स्वतः सोर्स कोडवरून बनवतं आणि स्वतःच्या डिजिटल सहीने देतं. ती दुसऱ्यांची अ‍ॅप आपल्या नावावर कशी नोंदवणार? मला हे फार चुकीचं वाटतं. फोन आपला, पैसे आपले, मग परवानगी त्यांची का?

औंधची मीरा: भारताच्या स्पर्धा आयोगाने २०२२ मध्ये प्ले स्टोअरच्या बिलिंगवरून गूगलला ९३६ कोटींचा दंड केला होता. अपिलात तो २१६ कोटींवर आला. त्यामुळे दंडाने गूगल थांबेल यावर विसंबून राहू नका.

सिंहगडवारी: धन्यवाद. नकाशाची माहिती ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनीच मिळून बनवलेल्या नकाशाची, ती खुलीच राहील आणि ऑसमँड या दुसऱ्या नकाशा-अ‍ॅपमध्येही चालते, एवढा आधार आहे. सिंहगडावरच्या देवटाक्याजवळच्या पायवाटा त्यात कुणी नोंदवल्यात का? नसतील तर रविवारी आम्ही नोंदवतो.