कॅप्चातल्या दोन वाकड्या शब्दांमुळे जुनी पुस्तकं टाइप कशी व्हायची?

ओळखपरेड:
रीकॅप्चात (आपण यंत्र नाही, माणूस आहोत हे पटवायला वेबसाइटवर येणारी चाचणी) पूर्वी दोन वाकडेतिकडे इंग्रजी शब्द यायचे. ते टाइप केले की कुठल्यातरी जुन्या पुस्तकाचं काम पुढे सरकायचं म्हणे. गोची अशी, की उत्तर यंत्राला माहीत असेल तर मला विचारायचं कशाला? आणि माहीत नसेल, तर मी बरोबर हे ठरवलं कोणी? मराठी पुस्तकांना हे चालेल का?

जुनाटंक:
दोनपैकी एकाचंच उत्तर माहीत असायचं. कार्नेगी मेलन विद्यापीठात लुई व्हॉन आन आणि सहकाऱ्यांनी २००७ साली हे सुरू केलं. स्कॅन केलेलं पान दोन वेगवेगळ्या ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर बनवणाऱ्या) प्रोग्रॅमना द्यायचे. दोघांचं वाचन जुळलं नाही किंवा शब्द शब्दकोशात सापडला नाही, की तो संशयित. त्याचं चित्र कापून, आणखी वाकवून, उत्तर ठाऊक असलेल्या शब्दाशेजारी ठेवायचं. ठाऊक असलेला बरोबर टाइप केला की तुम्ही आत. दुसऱ्याचं उत्तर नुसतं एक मत म्हणून जमा.

खिळेजुळणी:
मतमोजणीचीच खरी गंमत आहे. माणसाचं एक मत, ओसीआरचं अर्धं. अडीच झाली की शब्द पक्का. म्हणजे दोन माणसं आणि एक ओसीआर यांचं जमलं तरी भागतं. पहिल्या तिघांनी एकच उत्तर दिलं आणि ते दोन्ही ओसीआरपेक्षा वेगळं निघालं, तर माणसांचं खरं धरायचं आणि पुढच्यांना तपासायला तोच शब्द वापरायचा. कोणाचंच एकमत व्हायच्या आत सहा जणांनी नवा शब्द मागितला, तर तो वाचता न येणारा.
न्यूयॉर्क टाइम्सच्या जुन्या अंकांतल्या ५० लेखांवर, म्हणजे २४,०८० शब्दांवर, पडताळणी झाली. रीकॅप्चाचे ९९.१ टक्के शब्द बरोबर, नुसत्या ओसीआरचे ८३.५. (८३.५ म्हणजे दर सहा शब्दांत एक चूक. असं पान वाचवत नाही.) टवाळखोर एकटादुकटा असेल तर काही बिघडत नाही, कारण तोच आचरटपणा आणखी दोघांनी करावा लागतो.
२००९ मध्ये गूगलने हे विकत घेतलं, २०१२ पासून घरांचे क्रमांकही दाखवायला लागले, आणि दोन शब्दांची ही आवृत्ती मार्च २०१८ अखेर बंद झाली.

ओळखपरेड:
मग देवनागरी शब्द कापून असंच केलं तर?

जुनाटंक:
करता येईल, पण मतं जुळवताना दमछाक होईल. 'सुऱ्या'मधला अर्धा र युनिकोडमध्ये (संगणकात अक्षरं साठवायच्या संकेतांत) दोन प्रकारे लिहितात: नुक्ता, म्हणजे खाली टिंब असलेला ऱ आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक. 'ॲ'चंही तेच. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला मात्र दोन वेगळी उत्तरं. त्यामुळे मोजण्याआधी सगळी उत्तरं एकाच रूपात आणावी लागतील.
दुसरं, १९६२ च्या शुद्धलेखन नियमांआधीच्या छपाईत 'कांहीं', 'नाहीं' असं असायचं. आजचा शब्दकोश लावला तर अर्धं पान संशयित ठरेल, आणि आजचा माणूस सवयीने 'काही' टाइप करेल. असे तिघे भेटले की चुकीचाच शब्द पक्का! जसं छापलंय तसंच टाइप करा, हे प्रत्येक चित्राखाली लिहायला हवं.

खिळेजुळणी:
तूर्त मराठी विकिस्रोत (स्वयंसेवक जुनी पुस्तकं टाइप करतात ते विकिपीडियाचं भावंड) हाच व्यवहार्य रस्ता. एकीकडे पानाचं चित्र, दुसरीकडे ओसीआरचा मजकूर. न तपासलेलं पान लाल, एकदा तपासलं की पिवळं, आणि दुसऱ्या व्यक्तीने पुन्हा तपासल्यावर हिरवं. पिवळं करणाऱ्याला स्वतःचंच पान हिरवं करता येत नाही. शिवाय इथे अख्खं वाक्य समोर असतं, त्यामुळे शिरोरेखा तुटल्याने 'म'चा 'भ' झाला असेल तर लगेच लक्षात येतं. स्कॅन मात्र ३०० डीपीआयचं (दर इंचाला ३०० ठिपके) आणि सरळ ठेवा. ओळी तिरक्या असल्या की सगळ्यात आधी अनुस्वार आणि रफार गळतात.