कॅचर इन द राय: लाल टोपी ठीक आहे, पण त्या ग्लोव्हचं काय?

विरार_स्लो
फाउंटनच्या फुटपाथवरून घेतलेली सॅलिंजरच्या 'द कॅचर इन द राय' कादंबरीची जुनी कॉपी ट्रेनमध्ये जातायेता शेवटी संपवली एकदाची. आता नेटवर जिथे बघावं तिथे त्यातल्या हिरोच्या, होल्डनच्या लाल शिकारी टोपीवरच निबंध पडलेत, टोपी म्हणजे त्याचं वेगळेपण, टोपी म्हणजे चिलखत वगैरे, मान्य आहे. पण मी अडकलोय ॲलीच्या बेसबॉल ग्लोव्हवर. मेलेल्या धाकट्या भावाचा ग्लोव्ह, त्यावर बोटांवर, मधल्या खळग्यात, सगळीकडे हिरव्या शाईने कविता लिहिलेल्या, आणि हा पोरगा तो बॅगेत घालून होस्टेलला घेऊन आलाय. का? "निरागसपणाचं प्रतीक" असं उत्तर प्लीज देऊ नका, ते गाइडमध्ये पण असतं.

चाळकरी_नं_३
हिरवी शाई म्हटलं की मला आधी राजपत्रित अधिकारीच दिसतो बाबा, झेरॉक्सवर सही मारणारा 😄
नीट उत्तर रात्री देते.

लाँगऑनला_उभा
आपला घोळ असा होतो की ग्लोव्ह म्हटलं की डोळ्यासमोर विकेटकीपर येतो. बेसबॉलमध्ये प्रत्येक फिल्डरला ग्लोव्ह असतो, आणि तो बॉल ज्या हाताने फेकत नाही त्या हातात घालतात. कविता कशासाठी ते तर पुस्तकातच आहे, बॅटिंगला कोणी नसेल तेव्हा मैदानात उभ्या उभ्या वाचायला काहीतरी हवं म्हणून. हे वाचून मी जाम हसलो होतो कारण मी मुंबईच्या कांगा क्रिकेट लीगमध्ये पावसात, घोट्याएवढ्या गवतात, आझाद मैदानावर बाऊंड्रीला तासन् तास उभा राहिलोय, बॉल आपल्याकडे येतच नाही आणि आला तर तो शेजारच्या मॅचचा असतो. तिथे कविता वाचणारा ११ वर्षांचा मुलगा म्हणजे कॅप्टनच्या शिव्याच.

पण खरी गंमत पुढे आहे. ॲली डावखुरा, म्हणजे त्याचा ग्लोव्ह उजव्या हातात जाणार. आता आठव, ॲली गेला त्या रात्री १३ वर्षांच्या होल्डनने गॅरेजच्या सगळ्या काचा मुठीने फोडल्या, हात मोडला, हॉस्पिटलात पडला, भावाच्या अंत्यविधीलाही जाता आलं नाही. तो हात कुठला? पुढे होस्टेलमधल्या रूममेटला, स्ट्रॅडलेटरला ठोसा मारायला जातो तेव्हा म्हणतो की उजव्या हाताची मूठ नीट वळतच नाही, त्या जुन्या दुखापतीमुळे. म्हणजे भावाचा ग्लोव्ह ज्या हातात बसला असता तोच हात याने मोडून घेतलाय. सॅलिंजरने हे मुद्दाम केलं की आपोआप झालं देव जाणे, पण मला त्यानंतर टोपीबिपीत काही रस उरला नाही.

विरार_स्लो
थांबा थांबा, चेक करतो.

चाळकरी_नं_३
आले. हाताचं माझ्या डोक्यात आलं नव्हतं, मस्त. पण मला ग्लोव्हपेक्षा तो निबंध जास्त लागला. स्ट्रॅडलेटर याला सांगतो खोलीचं नाहीतर घराचं वर्णन लिहून दे, आणि हा लिहितो ग्लोव्हवर. ॲलीचं नाव तेवढं बदलतो, कविता तशाच उतरवून काढतो. तो दगड वैतागतो की हे काय भलतंच, मग होल्डन कागद फाडून टाकतो. आणि घरच्यांव्यतिरिक्त तो ग्लोव्ह बघितलाय फक्त त्याच्या जुन्या मैत्रिणीने, जेनने. त्यामुळे मला वाटतं ती वस्तू कशाचं प्रतीक वगैरे नंतर, आधी ती कोणाला दाखवायची हाच त्याचा सगळा त्रास आहे. आपण नाही का शाळेत 'माझी आवडती वस्तू' वर दहा ओळी लिहायचो आणि सगळे पेन नाहीतर सायकल लिहायचे. खरी आवडती कोण लिहिणार बाईंना!

अजून एक, अशी वस्तू ठेवायला जागा लागते. आमच्या गिरगावातल्या खोलीत सात माणसं होती. बाबांचा धाकटा भाऊ सोळाव्या वर्षी काविळीने गेला, महिन्याभरात आजीने त्याचे सगळे कपडे भांडेवालीला देऊन टाकले, त्यात त्याची क्रिकेटची पांढरी पँट होती, बाबा शाळेतून आले तोवर भांडेवाली जिना उतरून गेली होती. बाबांनी हे मला मी 'कोसला' वाचत होते तेव्हा सांगितलं, नायकाची धाकटी बहीण मनी जाते त्या पानांपाशी, त्याआधी कधीच नाही.

विरार_स्लो
चेक केलं, उजवाच हात आहे. अंगावर काटा आला राव.
@चाळकरी भांडेवालीने बदल्यात काय दिलं होतं?

चाळकरी_नं_३
स्टीलचा डबा, झाकणाला कडी असलेला. आहे अजून. आई त्यात रवा ठेवते.