गुरूवरचा ‘ग्रेट रेड स्पॉट’ : डाग, चक्रीवादळ की प्रत्यावर्त?

शाहूपुरी : शाळेतल्या मुलांसाठी गुरूच्या निरीक्षणाचा मराठी तक्ता करतोय. ‘ग्रेट रेड स्पॉट’च्या रकान्याला ‘महाकाय चक्रीवादळ’ लिहू का? बातम्यांत तसंच येतं. शिवाय गुरूवर ढगांचे गडद आणि फिकट आडवे पट्टे दिसतात, त्या दोन्हींना ‘पट्टा’च म्हणायचं का?

गडहिंग्लज : चक्रीवादळ अजिबात नको. चक्रीवादळाच्या मधोमध दाब कमी असतो, इथे जास्त आहे. हा डाग गुरूच्या दक्षिण गोलार्धात साधारण २२ अंशांवर आहे आणि घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतो. दक्षिण गोलार्धातलं कमी दाबाचं वादळ काट्यांच्या दिशेने फिरतं. म्हणजे हा प्रत्यावर्त, जास्त दाबाभोवती फिरणारी हवा. भूगोलाच्या तासाला मुलांनी हा शब्द ऐकलेला असतो. फक्त ‘प्रत्यावर्त म्हणजे निरभ्र, शांत हवा’ हे पाठ झालेलं असतं, तेवढं सोडवायला लागेल. या डागाच्या कडेने वारे ताशी ४०० कि.मी.हून जास्त वेगाने वाहतात.

कागल : समजावताना प्रत्यावर्त म्हणा, पण रकान्यात ‘तांबडा डाग’ लिहा. ‘लाल’ म्हटलं की पोरं कुंकवासारखा ठिपका शोधत बसतात आणि नाही दिसला की रकाना कोरा सोडतात. दुर्बिणीतून तो विटकरी दिसतो, कधी नुसता फिकट गुलाबी. आपल्याकडचा ‘तांबडा’ या सगळ्या छटा पोटात घेतो. डाग फारच फिका असेल तर दक्षिण विषुववृत्तीय पट्ट्याच्या दक्षिण काठाला पडलेली खाच शोधायची, डाग त्या खाचेतच बसलेला असतो. म्हणून ‘खाच दिसली / डाग दिसला’ असे दोन वेगळे रकाने करा. फिकट निळा फिल्टर लावला की तांबडा भाग जरा गडद होऊन उठून दिसतो.

गडहिंग्लज : पट्ट्यांची नावं जागेवरून द्या, रंगावरून नको. २०१० मध्ये हाच दक्षिण विषुववृत्तीय पट्टा कित्येक महिने फिका पडून जवळपास दिसेनासा झाला होता. त्याचं नाव ‘दक्षिणेचा गडद पट्टा’ ठेवलं असतं तर त्या वर्षी तक्त्यात काय भरलं असतं? रंगाची नोंद शेजारी वेगळी घ्या. फिकट पट्ट्यांत अमोनियाच्या बर्फाचे ढग उंचावर असतात, गडद पट्ट्यांत ढगांचा माथा खाली असतो, एवढं कारण मुलांना पुरे.

शाहूपुरी : पटलं. पण ‘दक्षिण’ ओळखायची कशी? गुरू मिथुनेत असताना कोल्हापुरात जवळजवळ डोक्यावर येतो, तिथे दिशा कळतच नाहीत.

कागल : दुर्बिणीला ग्रहामागे फिरवणारी मोटार बंद ठेवा आणि गुरूला सरकू द्या. तो ज्या बाजूने दृश्याबाहेर जातो ती पश्चिम. ती बाजू डावीकडे येईल अशी मान वळवा. मग न्यूटनी, म्हणजे आरशाच्या दुर्बिणीत दक्षिण वर असते. भिंगाच्या दुर्बिणीला काटकोनी आरसा लावलेला असेल तर दक्षिण खाली, कारण त्यात चित्र डावं-उजवं उलटतं. तक्त्यावर दुर्बिणीच्या प्रकाराचा रकाना नसेल तर वर्गातली निम्मी चित्रं डाग उत्तरेला दाखवतील.

डाग गुरूच्या तबकडीच्या मध्यरेषेवर येण्याच्या वेळा वैश्विक वेळेत (यूटी) छापतात, भारतीय वेळेसाठी त्यात साडेपाच तास मिळवा. त्या वेळेच्या आगेमागे पाऊण तास बघायला चांगला. गुरूची स्वतःभोवतीची एक फेरी ९ तास ५६ मिनिटांहून किंचित कमी वेळाची. पाच फेऱ्या ४९ तास ३८ मिनिटांत होतात, म्हणून आज रात्री आठला मध्यावर असलेला डाग परवा साधारण ९ वाजून ३८ मिनिटांनी तिथे येतो.

शाहूपुरी : तक्त्यात ‘गुरूचा पृष्ठभाग’ असंही एक शीर्षक आहे.

गडहिंग्लज : ते काढा. दिसतात ते ढगांचे माथे. खाली पाय टेकायला जमीन नाही, हायड्रोजन दाबाखाली हळूहळू दाट होत द्रव बनतो. १९९५ मध्ये गॅलिलिओ यानाने सोडलेली कुपी साधारण तासभरातच दाब आणि उष्णतेने बंद पडली, ती कशावर आदळली म्हणून नव्हे. ‘ढगांचा माथा’ लिहा.