पेंटॅक्स के-१००० ठेवू की निकॉन एफएम२ घेऊ?

मांडवीकाठ
नमस्कार मंडळी. माझ्याकडे पेंटॅक्स के-१००० आणि ५० मिमी एफ/२ लेन्स आहे. पणजीत शिगम्याच्या मेळांचे फोटो काढतो, बहुतेक भर उन्हात, आयएसओ १०० च्या (कमी संवेदनशील) रंगीत निगेटिव्ह फिल्मवर. शटरचा वेग १/१००० सेकंद ठेवला की फ्रेमची एक कड काळवंडते, काही फ्रेमवर काठाकडून नारिंगी पट्टा येतो आणि फेट्याखालचे चेहरे काळे पडतात. एफएम२ घेतला तर हे सगळं सुटेल का?

कुळागर
पहिल्या दोन गोष्टींसाठी नवी बॉडी घेऊ नका, त्या दुरुस्तीच्या आहेत.

के-१००० चे कापडी पडदे आडवे धावतात. जुनं ग्रीस घट्ट झालं की पहिला पडदा रेंगाळतो, मागचा त्याला गाठतो आणि मधली फट शेवटाकडे मिटते. १/१००० ला फट मुळातच अरुंद, म्हणून दोष आधी तिथे दिसतो. लेन्स काढा, मागचं दार उघडा, समोर उजळ खिडकी धरून शटर मारा आणि मागून बघा. मग रोलवर खात्री करा: एकाच भिंतीचे १/१००० ला एफ/४ (एफचा आकडा जितका मोठा, तितकं लेन्सचं छिद्र म्हणजे अ‍ॅपर्चर लहान), १/५०० ला एफ/५.६, १/२५० ला एफ/८, १/१२५ ला एफ/११ असे चार फोटो. चारही निगेटिव्ह सारख्याच दाट हव्यात. तोवर १/५०० च्या वर जाऊ नका. पडद्यांचा ताण घरी स्क्रू फिरवून जुळवू नका, ते जाणकाराकडेच द्या.

नारिंगी पट्टा म्हणजे दाराच्या खाचेतला फोम गेला. प्रकाश फिल्मच्या पाठीमागून, नारिंगी बेसमधून गाळून येतो, म्हणून तो रंग. आपल्याकडच्या दमट हवेत हा फोम डांबरासारखा चिकट होतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या लाकडी काडीने खरवडा आणि खाचेत काळी लोकर किंवा दीड-दोन मिमीचा काळा फोम बसवा. आरशावरची फोमपट्टीही तेव्हाच बदला. ते करताना लेन्स काढून बॉडीचं तोंड जमिनीकडे ठेवा, नाहीतर चुरा थेट फोकसिंग स्क्रीनवर पडतो.

फोंड्याहून
चेहऱ्यांचा प्रश्न मात्र खरा बॉडीचा आहे. सावलीतल्या चेहऱ्यांवर उन्हातही फ्लॅश मारावा लागतो, आणि के-१००० चा फ्लॅश सिंक, म्हणजे फ्लॅशसोबत चालणारा सर्वांत वेगवान शटर, १/६०. उन्हात आयएसओ १०० ला १/६० म्हणजे एफ/२२, आणि गाइड नंबर २८ चा (हा फ्लॅशच्या ताकदीचा आकडा, त्याला एफच्या आकड्याने भागलं की मीटरमधलं अंतर मिळतं) फ्लॅश एफ/२२ ला जेमतेम सव्वा मीटर पोचतो. एफएम२ ची नंतरची आवृत्ती एफएम२एन, तिचा सिंक १/२५०, म्हणजे एफ/११, म्हणजे अडीच मीटर. ढोल-ताशांच्या गर्दीत हा फरक फार मोठा आहे.

पण आधी बिनखर्चाचा उपाय करून बघा. सावलीत तळहात धरून मीटर वाचा, त्यावर एक स्टॉप उघडा (म्हणजे प्रकाश दुप्पट करा) आणि तेच सेटिंग ठेवा. उन्हातला भाग जास्त उजळेल, पण रंगीत निगेटिव्ह दोन स्टॉप जास्तीचा प्रकाश सहज झेलते. स्लाइड फिल्मवर हे चालणार नाही.

कुळागर
लेन्सचाही हिशेब धरा. पेंटॅक्सची लेन्स निकॉनवर चढत नाही. निकॉनमध्ये माउंटपासून (लेन्स बसते ती कडी) फिल्मपर्यंतचं अंतर ४६.५ मिमी, पेंटॅक्स के मध्ये ४५.४६. साधा अडॅप्टर लावला तरी अनंतावर फोकस मिळणार नाही. त्याच लेन्स ठेवायच्या असतील तर पेंटॅक्सचाच एमई सुपर बघा: १/२००० आणि सिंक १/१२५, पण बॅटरी संपली तर फक्त १/१२५ आणि बी (बल्ब) वर चालणारा. पेंटॅक्सचा एमएक्स छोटा आणि देखणा, पण शटर तेच १/१००० आणि सिंक तोच १/६०, त्यामुळे तुमच्या कामात फायदा शून्य.

मांडवीकाठ
आभारी आहे. आधी दाराचा फोम आणि शटर दुरुस्त करून घेतो. फ्लॅश तरीही लागणारच, त्यामुळे एफएम२एन मिळाला तर काय तपासू?

फोंड्याहून
सिरीयल नंबरच्या आधी 'एन' आहे ना ते बघा. पहिल्या एफएम२ चा सिंक १/२०० आहे. मागचं दार उघडून शटरची पाती तिरप्या उजेडात बघा. तेलाचा डाग किंवा बोटाने पडलेला खळगा दिसला तर सोडून द्या, ती पाती फारच पातळ असतात. १ सेकंदाला शटर मध्येच अडकता कामा नये. मोबाइलच्या २४० फ्रेमच्या स्लो-मोशनमध्ये १/३० ला शटर साधारण आठ फ्रेम उघडं दिसायला हवं. लेन्स एआय किंवा एआय-एसच घ्या (या निकॉन लेन्स अ‍ॅपर्चर किती आहे ते बॉडीच्या मीटरला कळवतात). एआय नसलेली जुनी लेन्स जोर लावून चढवली तर माउंटभोवतालचा छोटा दांडा मोडतो, आणि अ‍ॅपर्चरची रिंग नसलेल्या निकॉनच्या 'जी' लेन्सवर अ‍ॅपर्चर बदलताच येत नाही.

पावसाळ्यात कोणतीही बॉडी चामड्याच्या केसमध्ये ठेवू नका, बुरशी तिथूनच लेन्सवर चढते. हवाबंद डबा, सिलिका जेल आणि आत छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांत राहू द्या आणि जेलचा रंग बदलला की ते वाळवून परत ठेवा.